गिरमिट गाडीवरचा अबोला

टेलिफोनचे खांब रोवणाऱ्या त्या गाडीचं कागदावरचं नाव चांगलं हातभर लांब होतं, आणि ते कुणाच्याच तोंडात कधी बसलं नाही. डेपोत तिला सगळे गिरमिट म्हणत. ट्रकच्या पाठीवर गोल फिरणारी बैठक, बैठकीवर लांब लोखंडी हात, त्या हाताच्या कुशीला लटकवलेलं माणसापेक्षा उंच गिरमिट, टोकाला खांब कवेत धरणारा चिमटा आणि जमिनीवर टेकायला चार पाय. एवढा संसार पाठीवर घेऊन ती रस्त्यानं निघाली की मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून थकायचे आणि शेवटी नशिबाला दोष देत मागून येत राहायचे. ही गाडी ज्यानं उभं आयुष्य चालवली, त्याला सगळे ऑपरेटर म्हणत. बायकोसुद्धा. ती चिडली की जरा जास्तच आदरानं म्हणायची.

ऑपरेटरची जागा गाडीच्या मागच्या टोकाला, उंचावरच्या लोखंडी खुर्चीत. समोर दांड्यांची रांग. एक ओढली की गिरमिट जमिनीत शिरतं, दुसरी ओढली की माती घेऊन वर येतं आणि गरगरा फिरून ती झटकून टाकतं. भोक पुरेसं खोल झालं की गिरमिट बाजूला निजवायचं, त्याच हातानं खांब उचलायचा आणि अलगद भोकात सोडायचा. सांगायला सोपं आहे. पण गोम अशी, की वर बसलेल्याला खड्ड्याचं तोंड धड दिसतच नाही. खांबाचं बूड आत उतरलं की काठावर अडलं, खांब ओळंब्यात आहे की कलला, हे पाहतो तो खाली उभा असलेला खूणवाला. इंजिनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तो हातांनी सांगतो. बोट वर करून फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की सोड. पंजा उभा केला की थांब. दोन्ही हात पोटाशी एकमेकांत गुंतवले की झालं, आता कशाला हात लावू नकोस. वरच्यानं स्वतःची अक्कल पाजळायची नाही. खूण आल्याशिवाय दांडी हलवायची नाही.

आणि या सगळ्याच्या वरचा एक नियम होता. थांब म्हणायचा हक्क कुणालाही. माती लोटणाऱ्याला, सुपरवायझरला, रस्त्यानं पिशवी घेऊन चाललेल्या बाईलासुद्धा. पण थांबलेलं काम पुन्हा चालू करायची खूण द्यायची ती ज्यानं थांबवलं त्यानंच. कारण त्यानं काय पाहिलं होतं ते त्यालाच ठाऊक. हा नियम ऑपरेटर पाळायचा आणि त्याचा खूणवाला त्याच्याहून कडक पाळायचा.

खूणवाला म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. ऑपरेटरनंच त्यांना या कामावर लावलं होतं आणि पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर ‘दाजी’ अशी हाक मारली होती. ती हाक डेपोनं उचलली. माती लोटणारे दोघे त्यांना दाजी म्हणत, पहारेकरी दाजी म्हणे, सुपरवायझर ‘ओ दाजी’ म्हणून सही करायला बोलवी. पुढे असा काळ आला की साऱ्या डेपोत त्यांना दाजी न म्हणणारा एकच माणूस उरला, आणि तो म्हणजे ज्याचे ते खरोखर दाजी होते तो.

झालं होतं ते असं. ताई, म्हणजे ऑपरेटरची बहीण, आजारी पडली. पोटात काहीतरी वाढत होतं. वर्षभर औषधपाणी चाललं, आणि ते ऑपरेटरला कुणी सांगितलं नाही. त्याला सांगत, ॲसिडिटी आहे. तो ताईला चिडवायचा, की तू जिभेवर ताबा ठेव, आणि ती हसायची. रोज सकाळ ते संध्याकाळ दाजी त्याच्यासमोर उभे असत, हातांनी उचल-सोड सांगत असत, पण याबद्दल चकार शब्द नाही. शेवटी त्याला दवाखान्यात बोलावलं, तेव्हा ताई माणसं ओळखण्याच्या पलीकडे गेली होती. सगळं संपल्यावर व्हरांड्यातल्या बाकापाशी ऑपरेटरनं दाजींना गाठलं आणि म्हणाला, “तुम्ही मारलंत तिला. आजपासून माझ्याशी बोलू नका.”

दाजींनी मान हलवली. रागानं नव्हे. जशी ते खांब टेकल्यावर हलवायचे तशी.

आता रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते बोलतो. दुसरं कुणी असतं तर चार दिवस तोंड फिरवलं असतं, पाचव्या दिवशी चहाच्या निमित्तानं जवळ आलं असतं. दाजी तसे नव्हते. त्यांना थांब म्हटलं होतं. ते थांबले. आठवडा झाल्यावर ते कामावर आले, टोपी घातली, मागच्या खुर्चीसमोर खाली उभे राहिले आणि हात वर केला. ऑपरेटरनं इंजिन चालू केलं. तोंडानं एक अक्षर न बोलता त्या दिवशी त्यांनी खांब रोवले, आणि ते खांब इतके सरळ होते की सुपरवायझर खूश झाला.

कामाला बोलण्याची गरजच नव्हती, हाच खरा घात झाला. एखाद्या दुकानात किंवा कारखान्यात हे चाललं नसतं. कुठेतरी अडलं असतं आणि झक मारत तोंड उघडावं लागलं असतं. इथं हातांचं सगळं सुरळीत होतं. गाडी नेताना ऑपरेटर स्टिअरिंगवर आणि दाजी शेजारी, मध्ये पाण्याची बाटली. ऑपरेटरला काही सांगायचंच झालं तर तो समोरच्या काचेला सांगायचा. “आज डिझेल भरायला हवं.” दाजी खोकायचे. म्हणजे कळलं. माती लोटणारे मागून येत आणि आपापसात हसत. एकजण म्हणायचा, “दाजींना सांगा चहा आलाय,” दुसरा म्हणायचा, “ऑपरेटरला सांगा दाजींनी ऐकलं.” पहिली काही वर्षं ही मजा चालली. नंतर त्यातली मजाही गेली आणि ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं.

ताई गेल्याच्या दुसऱ्या वर्षी बायकोनं ऑपरेटरला खरं काय ते सांगितलं. तिला ते भाचीकडून कळलं होतं, ताई आणि दाजींच्या मुलीकडून. ती भांडी पुसत होती आणि तो पायातले बूट काढत होता.

“ताईंनीच दाजींना शपथ घातली होती,” ती म्हणाली. “माझ्या भावाला सांगू नका म्हणाल्या. तो वर बसतो, तुम्ही खाली उभे असता. त्याचं चित्त उडालं आणि खांब सुटला, तर खाली कोण आहे? मी अशीही जाणार, तुम्हाला कशाला नेऊ, असं म्हणाल्या.”

ऑपरेटर एक बूट हातात घेऊन बसून राहिला.

“मग दाजींनी मला नंतर का नाही सांगितलं?”

“तुम्ही बोलू नका म्हणालात ना,” बायको म्हणाली.

म्हणजे चूक कुणाची आणि बोलायचं कुणी, याचा निकाल त्याच दिवशी लागला होता. थांब त्यानं म्हटलं होतं. चालूची खूण त्यानंच द्यायची होती. एवढं साधं गणित. उद्या बोलू असं त्यानं ठरवलं. उद्या गाडीत माती लोटणारा एकजण पुढे येऊन बसला. परवा दाजींचा चेहरा त्याला पडलेला वाटला. मग खोदताना पाण्याची पाइपलाइन फुटली, मग सुट्टी आली. लाज ही अशी चीज आहे की ती आदल्या दिवशीपेक्षा दुसऱ्या दिवशी जड होते, आणि वर्षभरानंतर तिला हात घालायचा म्हणजे गिरमिट गाडीच आणावी लागेल.

एकदा मात्र तो अगदी काठापर्यंत आला होता. रेल्वेच्या फाटकापाशी गाडी अडली, इंजिन बंद केलं. बाहेर कुणी नव्हतं. मालगाडी संपता संपत नव्हती. ऑपरेटरनं तोंड उघडलं, घसा साफ केला, आणि त्याच्या तोंडून निघालं काय, तर “धूळ येतेय.” तेही काचेला. दाजींनी आपल्या बाजूची खिडकी वर केली. मालगाडी गेली, फाटक उघडलं. त्या दिवशी संध्याकाळी तो जेवला नाही आणि बायकोवर उगाच खेकसला.

वर्षं अशीच गेली. दाजींना साखरेचा आजार होता आणि तो डोळ्यांत उतरायला लागला. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला. पण ऑपरेटरला ते हातांवरून कळलं. खूण जराशी उशिरा यायला लागली. ओळंब्याची दोरी ते नाकाजवळ धरू लागले, मग बोटांनी चाचपू लागले. तेव्हापासून ऑपरेटर खांब भोकात सोडतानाच जमेल तितका सरळ आणून ठेवायचा, म्हणजे दाजींना फार पाहावं लागू नये. अक्कल पाजळायची नाही हा नियम त्यानं मोडला. दाजींना ते कळत होतं की नाही देव जाणे. कळत असेल तर तेही ते बोलले नाहीत.

मग नवीन गाडी येणार असं ठरलं. सुपरवायझरनं डेपोच्या अंगणात सगळ्यांना जमवून सांगितलं. नव्या गाडीला वरची खुर्चीच नाही. ऑपरेटरनं गळ्यात एक पेटी अडकवायची, तिच्यावरच्या खुंट्या हलवायच्या आणि खड्ड्यापाशी उभं राहून स्वतःच्या डोळ्यांनी बघत काम करायचं. “म्हणजे खूणवाला लागणार नाही,” सुपरवायझर म्हणाला, आणि दाजींकडे न बघता पुढे म्हणाला, “तसं दाजींचं वयही झालंच आहे.” दाजींनी पुन्हा तशीच मान हलवली. महिनाअखेरपर्यंत जुनी गाडी चालणार होती. ऑपरेटरनं मनाशी दिवस मोजले. ही गाडी गेली की दाजींसमोर जाऊन उभं राहायला त्याच्याकडे काहीच निमित्त उरणार नव्हतं.

शेवटचा खांब एका शिंप्याच्या दुकानासमोर होता. जमीन मऊ, काम सरळ. ऑपरेटरनं सकाळपासून मनाशी घोकलं होतं: हा खांब उभा राहिला की इंजिन बंद करायचं, खाली उतरायचं आणि सगळ्यांसमोर म्हणायचं. काय म्हणायचं तेही पाठ केलं होतं. खांब भोकात उतरला. दाजींनी ओळंबा धरला, चाचपला, दोन्ही हात पोटाशी गुंतवले. झालं.

ऑपरेटरनं इंजिन बंद केलं नाही. उलट एक दांडी केसभर हलवली. खांब किंचित डावीकडे कलला.

दाजींनी वर पाहिलं. हात सोडवले, पुन्हा दोरी धरली आणि उजवीकडे, जरासं, अशी खूण केली. ऑपरेटरनं खांब उजवीकडे आणला, आणि दाजींनी हात गुंतवल्यावर पुन्हा हलवला. दाजींनी पुन्हा हात सोडवले. असं कितीतरी वेळ चाललं. सरळ असलेला खांब ते दोघे सरळ करत होते. एकानं मोडायचं आणि दुसऱ्यानं न कंटाळता नीट करायचं. माती लोटणारे फावड्यांवर रेलून बघत होते. “झालाय की हो सरळ,” त्यातला एक म्हणाला. शिंपी मशीन थांबवून दारात आला. ऑपरेटर फक्त हातांकडे बघत होता: त्या वाकड्या करंगळीकडे, अंगठ्यावरच्या भाजल्याच्या डागाकडे. ते हात हलतायत तोवर सगळं चालू आहे, एवढंच त्याला कळत होतं.

सुपरवायझर जीपमधून ओरडला तेव्हा ते संपलं. दाजींनी हात पोटाशी गुंतवले आणि या वेळी ते तसेच धरून ठेवले, नेहमीपेक्षा बराच वेळ. ऑपरेटरनं दांडीवरचा हात काढला. मग दाजींनी ओळंब्याची दोरी गुंडाळली, हत्यारांच्या पेटीत ठेवली, पेटीचं झाकण लावलं आणि जीपकडे गेले, कारण टोपी आणि बूट जमा करायला त्यांना ऑफिसात जायचं होतं. ऑपरेटरनं इंजिन बंद केलं तोवर जीप वळली होती. पाठ केलेलं सगळं तोंडातच राहिलं. डेपोत गाडी लावून तो ऑफिसात गेला, तर दाजी सही करून घरी गेले होते.

नवीन गाडी आली. ऑपरेटरनं पेटी गळ्यात अडकवली आणि खड्ड्याशी जाऊन उभा राहिला, बरोबर तिथं, जिथं दाजी उभे राहायचे. पहिल्याच दिवशी सवयीनं त्यानं मान वर केली. जुनी खुर्ची जिथं असायची तिथं नुसतं आकाश होतं. आणि त्याच्या ध्यानात आलं, की इथून वर बसलेल्याचा चेहरा दिसतो. पूर्ण दिसतो, कपाळापासून हनुवटीपर्यंत. तो वरून इतकी वर्षं दाजींचे हात पाहत होता. दाजी इथून त्याचं तोंड पाहत होते. रोज, दिवसभर. त्या तोंडातून एक शब्द निघायची वाट पाहत एक माणूस मान वर करून इथं उभा होता, आणि ते तोंड काचेशी डिझेलच्या गोष्टी करत होतं.

घरी आल्यावर त्यानं दाजींचा चेहरा आठवून पाहिला. करंगळी आठवली. डाग आठवला. नखांतली माती, मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा, सगळं आठवलं. चेहरा काही केल्या येईना. नाक कसं आहे तेही सांगता येईना. तो बायकोला म्हणाला, “मी माणूस आहे की कोण आहे?” बायकोनं त्याच्यापुढे ताट ठेवलं.

पुढे काही महिन्यांनी बायको दाजींकडे जाऊन आली. दोन गल्ल्या सोडून घर, पण ऑपरेटर तिथं ताई गेल्यापासून फिरकला नव्हता.

“डोळे गेले त्यांचे,” ती म्हणाली. “उजेड कळतो, बाकी काही नाही. मी दारातून दाजी म्हटलं तर आवाजावरून लगेच ओळखलं. बस म्हणाले.” मग म्हणाली, “तुम्ही जा. आता तरी जा.”

तो गेला. दुपारची वेळ होती. जिना चढताना त्याला आपल्या बुटांचा आवाज मोठा वाटत होता. दार नुसतं लोटलेलं होतं. आत एक खोली आणि मागे स्वयंपाकघर. भाचीनं पलंगाच्या पायापासून मोरीच्या दारापर्यंत एक दोरी ताणून बांधली होती, धरून चालायला. दाजी खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, हात मांडीवर. दाराचा आवाज झाला तशी त्यांनी मान फिरवली.

“कोण?”

ऑपरेटर उंबऱ्यात उभा राहिला आणि त्याचा उजवा हात आपोआप वर गेला. बोट वर, फिरवत. उचल. चालू. इतकी वर्षं जी खूण त्याच्याकडे अडली होती, ती शेवटी त्यानं दिली. दाजींचे डोळे त्याच्या खांद्याच्या पलीकडे, चौकटीकडे लागले होते. त्यानं हात खाली घेतला.

“कोण आहे? सिलिंडरवाले का?”

“दाजी,” ऑपरेटर म्हणाला. “चुकलं माझं. ताईनं तुम्हाला शपथ घातली होती. मला कळलं होतं ते. फार आधीच कळलं होतं. बोला आता माझ्याशी.”

दाजींनी कान त्याच्या बाजूला केला.

“आवाज ऐकल्यासारखा वाटतो,” ते म्हणाले. “कोण तुम्ही?”

ज्यांनी आयुष्यभर त्याला तू म्हटलं होतं, त्यांच्या तोंडून तुम्ही.

“मी. तुमचा मेहुणा.”

“मेहुणा आहे मला एक,” दाजी म्हणाले. कुणी पत्ता विचारला तर सांगावा, इतक्या शांतपणे. “पण तो बोलत नाही.”

त्यांनी खरंच ओळखलं नव्हतं, की ओळखून म्हणाले? इतकी वर्षं तो आवाज त्यांच्या कानावर होता. फक्त त्यांच्याशी बोललेला कधी नव्हता. काय खरं ते कळायला चेहरा वाचता यावा लागतो. ऑपरेटरनं तो चेहरा निरखून पाहिला, नाक पाहिलं, गालावर न केलेली दाढी पाहिली, आणि त्याला त्यातलं काहीच वाचता आलं नाही. त्याला वाचता येत होते ते फक्त हात. हात मांडीवर पडले होते, ना गुंतवलेले, ना उचललेले. तो त्यांच्याकडे बघत उभा राहिला. खूण आल्याशिवाय हलायचं कसं, हे त्याला माहीतच नव्हतं.

जिन्यात पावलं वाजली. भाची कामावरून आली होती, हातात भाजीची पिशवी. दारात माणूस पाहून दचकली, मग तिनं ओळखलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

“अगबाई,” ती म्हणाली. “तुम्ही? कधी आलात?”

“कुणाशी बोलतेस ग?” खुर्चीतून दाजींनी विचारलं.

तिनं मामाकडे पाहिलं. मामानं पंजा उभा केला. थांब.

ती थांबली. ऑपरेटर तिच्या बाजूनं वाट काढून जिना उतरून गेला, आणि चालूची खूण पुन्हा त्याच्याबरोबरच गेली.